पुढचं गाणं तुम्हीच ठरवा!

बुलढाणा जिल्ह्यात गाणारा एक असतो आणि त्यानं काय गावं हे सांगणारे दीडशे असतात. गाणाऱ्याला सूर किती कळतो याबद्दल मतभेद होऊ शकतात. सांगणाऱ्यांना गाण्यातलं सगळं कळतं, याबद्दल निदान सांगणाऱ्यांच्या मनात तरी शंका नसते. वरात असो, हळदीची रात्र असो, गणपतीपुढचा ऑर्केस्ट्रा असो, स्टेजजवळ एक माणूस हात वर करून उभा असतोच. त्याच्या मागं 'हे नको, ते सांग' म्हणणारे चौघे असतात. आमच्याकडे फर्माईशसुद्धा समिती नेमून होते.

त्यामुळं 'आता ऑनलाइन मैफिलीत श्रोतेच ठरवतात पुढं काय गायचं, फार आधुनिक प्रकार आहे' असं कुणी सांगितलं, की आम्ही नम्रपणे मान हलवतो. आधुनिक आहे ते एवढंच, की पूर्वी फर्माईश करायला घरातून उठून जावं लागायचं.

आमच्या ओळखीचे एक हार्मोनियमवाले गुरुजी आहेत. पोरांना सारेगम शिकवायचं, सप्ताहात साथ करायची, लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम घ्यायचे, असा त्यांचा सुखाचा धंदा. २०२० च्या टाळेबंदीत सप्ताह थांबले, हळदी घरातल्या घरात उरकू लागल्या आणि पेटीवर धूळ बसली. तेव्हा पुतण्यानं पाण्याच्या जारवर मोबाइल उभा केला, मागं चुलतीची ठेवणीतली चादर टांगली आणि काकांना लाइव्ह केलं. टाळेबंदी उठली, लाइव्ह काही उठलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा इतका स्वस्त झाला आहे, की मैफील ऐकण्यापेक्षा मैफिलीला येणाऱ्याला पाजायचा चहा महाग पडतो. इथं तर चहाही ज्याचा त्याच्या घरी.

पहिल्या काही दिवसांत गुरुजींनी मनाला येईल ते गायलं. श्रोते सात. त्यातले चार घरातलेच, दुसऱ्या खोलीतून पाहणारे. मग पुतण्यानं पोल आणला. 'पुढचं गाणं तुम्हीच ठरवा! १. अभंग २. नाट्यगीत ३. भावगीत ४. लावणी.' आणि काय सांगावं, गर्दी लोटली. जिल्ह्यात मतदान म्हटलं की माणूस बसल्या जागेवरून उठतो. इथं तर बसल्या जागीच मत द्यायचं होतं.

पहिल्याच मतमोजणीत जिल्ह्याचा स्वभाव कळला. कॉमेंटमध्ये सगळीकडे अभंग. 'माउली, अभंगच होऊ द्या', 'अभंगासारखं सुख नाही', खाली हात जोडल्याच्या खुणा. पोलमध्ये पाहावं तर लावणी प्रचंड मतांनी आघाडीवर! कारण उघड होतं. कॉमेंटवर नाव दिसतं आणि त्याच लाइव्हवर सासरे बसलेले असतात. पोल गुप्त. आमच्या जिल्ह्यात गुप्त मतदानाची पद्धत इतकी मुरलेली आहे, की माणूस जाहीर सभेत टाळ वाजवतो आणि पडद्याआड ढोलकी. नाट्यगीताची अनामत जप्त झाली.

दुसऱ्या पोलला घाट आडवा आला. परक्या वाचकांसाठी सांगतो : आमच्या जिल्ह्यात तालुके १३, पण प्रदेश दोनच, घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं ही वाटणी करून ठेवली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे वर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे खाली. खालच्यांकडे रेल्वे आहे, वरच्यांकडे थंड हवा आहे, आणि दोघांकडेही दुसऱ्याबद्दल बोलायला भरपूर आहे. मुलीचं स्थळ सांगून आलं तरी आधी विचारतात, 'घाटावरचं की खालचं?' मग मुलगा काय करतो ते.

तर गुरुजी घाटावरचे. त्यांनी एक भावगीत सुरू केलं तशी खालून कॉमेंट चढू लागल्या. 'घाटावरच्याईचंच चालून राह्यलं फक्त.' 'खालच्याईनं काय पाप केलं बाप्पा?' वरून उत्तर उतरलं, 'तुमच्याकडे रेल्वे हाये ना, गाणं कायले पाहिजे?' खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी आमच्या पणजोबांच्या काळापासून चालत आली आहे. ती त्या दिवशी भावगीताच्या दुसऱ्या अंतऱ्यात पुन्हा एकदा मांडली गेली. तेवढ्यात खामगावच्या एका गृहस्थांनी मागणी केली, 'खामगावचा पोल वेगळा घ्या.' स्वतंत्र खामगाव जिल्ह्याचा लढा किती जुना आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्यामागची कळकळ समजेल. जिल्हा मिळेपर्यंत निदान गाणं तरी वेगळं मिळावं, एवढीच माफक अपेक्षा.

पुतण्या हुशार. त्यानं पुढच्या पोलमध्ये 'शीळ'चा पर्याय टाकला. मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची ही कविता. १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी ती गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या इतिहासात आमच्या जिल्ह्याचं नाव कोरलं गेलं. पुढं १९८६ मध्ये 'खूणगाठी'साठी देशपांड्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे अभिमानाचा विषय. घाटाखालीही त्याबद्दल दुमत नाही. तरीही एक कॉमेंट आलीच : 'मेहकर घाटावरच येते.'

त्या तबकडीचा विचार मनात आला की मला त्या काळच्या गायकाचा हेवा वाटतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. ऐकणाऱ्याच्या हातात फार तर एवढंच, की पुन्हा किल्ली भरायची, पोलादी पिन बदलायची आणि तेच गाणं पुन्हा लावायचं. गाणं चालू असताना तबकडीखाली कुणी 'फोन नंबर टाका साउंडवाल्याचा' असं लिहू शकत नव्हतं.

आता लिहितात. गुरुजींच्या लाइव्हवर काय काय लिहून येतं, त्याची मी मनातल्या मनात वर्गवारी केली आहे. पहिला वर्ग शुभेच्छुकांचा : 'मामांच्या वाढदिवसानिमित्त हे गाणं.' कोणतं ते लिहीत नाहीत. दुसरा चौकशीवाल्यांचा : 'आज सोयाबीन काय भाव गेलं?', 'पीक विमा कोणाले आला काय?' तिसरा तांत्रिक समितीचा : 'आवाज नाही येऊन राह्यला' आणि लगेच खाली, 'आवाज लय मोठा हाये, कमी करा.' चौथा वर्ग नुसत्या हजेरीचा. तो आपल्या गावाचं नाव लिहितो आणि गप्प बसतो : 'धाड.' 'डोणगाव.' 'लोणी गवळी.' गुरुजी तान घेता घेता डोळ्यांनी वाचत असतात आणि कधीकधी तानेच्या टोकाला गावाचं नाव बाहेर पडतं.

पाचवा वर्ग एकट्या माणसाचा आहे. निवृत्त तलाठी. कार्यक्रम सुरू होऊन पाच मिनिटं झाली, गुरुजींनी नुकता कुठं गणेशवंदनेचा सूर लावला, की यांची फर्माईश येते : 'पसायदान घ्या.' लोकांना वाटतं, केवढी ही ज्ञानेश्वरभक्ती. खरं कारण वेगळं. महाराष्ट्रात पसायदान झालं की कार्यक्रम संपतो, हे लहान पोराला ठाऊक आहे. मधूनच उठून जायचं तर ते गुरुजींचे व्याही. लाइव्ह सोडलं आणि कॉमेंट थांबल्या की तिथं कळतं, आणि पुढं सुनेमार्फत सगळ्या घराला. तेव्हा सुटकेचा सभ्य मार्ग एकच.

पैशाचा प्रश्न पुतण्यानं पेटीवर क्यूआर कोड चिकटवून सोडवला. 'फर्माईशीसाठी यथाशक्ती.' इथं मात्र आम्ही खरोखरच जगाच्या पुढं होतो. वरातीतला बँडमास्तर आठवा. मामा दातांत नोट धरून समोर येतात, मास्तर क्लॅरोनेट वाकवून ती काढून घेतो आणि नागीण सुरू होते. लगेच मुलीकडचे काका मोठी नोट घेऊन येतात. नागीण अर्ध्या फण्यावर थांबते आणि दुसरी धून लागते. संविधानानं एक माणूस एक मत दिलं, वरातीनं एक नोट एक मत. तमाशातली दौलतजादा तर याहून शिस्तीची. पैसे दिले, की देणाऱ्याचं नाव फडावर सगळ्यांसमोर पुकारलं जातं, आणि संगीतबारीच्या बैठकीत पैसे मोजणाऱ्याच्या पसंतीची लावणी उभी राहते. भीमजयंतीच्या कव्वालीच्या जंगी सामन्यात दोन पार्ट्या समोरासमोर असतात. सवाल होतो, जवाब होतो, आणि कोणाचा जवाब जड ठरला ते पेटीवर साचलेल्या बक्षिसांवरून कळतं.

यूट्यूबनं २०१७ मध्ये 'सुपर चॅट' काढलं. पैसे भरा, तुमचा निरोप रंगीत होऊन वर टांगला जातो. रक्कम जितकी मोठी तितका जास्त वेळ, अगदी पाच तासांपर्यंत. अमेरिकेतल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी डोकं लावून शेवटी दौलतजादाच काढली. फरक इतकाच, की फडावर नाव पुकारलं की लगेच पुढचं नाव यायचं. पाच तास कुणाचं नाव लोंबकळत ठेवायची सोय आमच्या फडमालकांना सुचली नव्हती. गुरुजींच्या क्यूआरवर मात्र एका रसिकानं ११ रुपये टाकले आणि पाच गाणी, तीन वाढदिवस आणि एका बारशाची घोषणा मागितली. घाटाखालचे होते, असं घाटावरचे म्हणतात.

साहेबाच्या देशांतही हा खेळ झालेला आहे. बेल्जियमचे संगीतकार आंरी पूसर आणि फ्रेंच लेखक मिशेल बुतॉर यांनी एक ऑपेरा रचला. त्यातली फाउस्टची गोष्ट प्रेक्षकांच्या कौलानुसार वळणं घेते. १९६९ मध्ये तो मिलानच्या रंगमंचावर आला. डिकन्स १८७० मध्ये गेला आणि त्याची एडविन ड्रूडची रहस्यकथा अर्धवट राहिली. रूपर्ट होम्स यांनी १९८५ मध्ये तिचं संगीतक ब्रॉडवेवर आणलं आणि खुनी कोण हे दर खेळाला प्रेक्षकांना मतदानानं ठरवायला लावलं. त्याला पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट संगीतकाचं टोनी पारितोषिक मिळालं. हा प्रयोग आमच्याकडे झाला असता तर? मध्यंतरात गावातली चार वजनदार माणसं विंगेत गेली असती, खुन्याची निवड बिनविरोध झाली असती आणि उरलेल्या संशयितांना उपसरपंचपद मिळालं असतं. कुणी नाराज नाही.

आपल्या देशातही २००५ मध्ये अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल' झाला तो लोकांच्या एसएमएसवर. मराठी पोरगा म्हणून आमच्याकडच्यांनीही रिचार्ज संपेपर्यंत मतं पाठवली. आमच्या पाहण्यातली ती पहिली निवडणूक, जिथं पैसे मतदाराच्या खिशातून गेले.

पण ऑनलाइन मैफिलीला एक अडचण आहे, जी बँडमास्तरला कधी आली नाही. गाणं इथून निघतं ते पोचायला वेळ लागतो. थेट प्रक्षेपण म्हणतात खरं, पण गाणं ऐकणाऱ्याच्या कानावर पाच-दहा सेकंदांनी पडतं, कधी अर्ध्या मिनिटानंही. म्हणजे गुरुजी सुंदर हरकत घेतात तेव्हा समोर शुकशुकाट. मग ते ठसका लागून पाणी पितात आणि त्या क्षणी 'क्या बात है!', 'वाहवा!' असा पाऊस पडतो. पाणी पिण्याला इतकी दाद मिळालेला दुसरा गायक महाराष्ट्रात नसेल. मलकापूरहून निरोप येतो, 'आमच्याकडे दुसरा अंतरा लागला'. देऊळगावराजाहून येतो, 'आमच्याकडे अजून तबलाच लावून राह्यले.' आणि या गोंधळात पोल मोजायचा.

तबल्यावरून आठवलं. तबलजी सिंदखेडराजाचे. त्यांनीही घरूनच साथ करावी असा बेत ठरला होता. एकत्र वाजवताना सेकंदाच्या शंभराव्या भागाचे दोन-तीन तुकडे इकडं-तिकडं चालतात, त्यापुढं लय सुटू लागते, हा निसर्गाचा नियम आहे. मोबाइल कंपनीला तो लागू नसावा. तबलजी तिहाई घेऊन समेवर आले तेव्हा गुरुजींचा चहा निम्मा झाला होता. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकरनं २०१० मध्ये १२ देशांतले १८५ आवाज एका वृंदगानात आणले, तेही यासाठीच प्रत्येकाकडून घरी वेगळं रेकॉर्ड करून घेऊन आणि मागाहून जोडून. एकाच वेळी, एकत्र, दूर बसून गाणं जमत नाही म्हणून.

विचार केला तर दिंडीलाही हीच अडचण असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. शंभर मीटर मागं चालणाऱ्या वारकऱ्याच्या कानावर पुढचा मृदंग सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं उशिरा पडतो. पण शेगावहून पंढरपूरला निघालेल्या पालखीत 'आवाज नाही येऊन राह्यला' अशी तक्रार मी ऐकली नाही. जो तो आपल्या जवळच्या मृदंगावर पाऊल टाकतो आणि स्वतःच गातो. तिथं पुढचा अभंग कोणता यावर कुणी मत घेत नाही; काकड्याचं काकड्याला, हरिपाठाचं हरिपाठाला. दिंडीत निवड कुणालाच नसते आणि आवाज सगळ्यांना असतो. लाइव्हवर निवड सगळ्यांना असते आणि आवाज म्यूट.

फर्माईशीचं खरं सुख गाण्यात नसतंच, ते नावात असतं. रेडिओच्या काळापासून. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, आकाशवाणीवर मराठीत 'आपली आवड' होतं, आणि गावोगावची माणसं पोस्टकार्डांवर आपली, बायकोची, पोरांची, झालंच तर 'आणि समस्त मित्रमंडळ' अशी नावं लिहून पाठवत होती. निवेदिका ती सगळी वाचायची. कधीकधी गाणं नावांपेक्षा लहान भरायचं. पण कार्ड टाकल्यावर आठवडे-आठवडे वाट पाहावी लागायची आणि आपलं नाव कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून माणूस रोज रेडिओला कान लावून बसायचा. नावाच्या लोभानं का होईना, शेकडो गाणी त्याच्या कानांवरून जायची, त्यातली दहा-वीस आत उतरायची. एका पोस्टकार्डाच्या पैशांत एवढी संगीतसेवा सरकारनं दुसरी केली नसेल.

आणि नाटकातला 'वन्समोअर' घ्या. बालगंधर्वांच्या काळचा प्रेक्षक पद संपताच टाळ्यांच्या जोरावर तेच पद पुन्हा मागायचा. पुन्हा मागायचं म्हणजे आधी ऐकलेलं असावं लागतं, ही त्यात मेख आहे. गवयालाही पुन्हा गाताना नवी जागा शोधावी लागायची. नाटकं उगाच नाही पहाटेपर्यंत चालायची.

लाइव्हवर नाव लिहिलं की लगेच दिसतं. वाट पाहायचं कारण नाही, म्हणून ऐकायचंही कारण नाही. चालू गाण्याच्या मुखड्याला पुढच्या गाण्याची मागणी, पुढच्या गाण्याच्या मुखड्याला त्याच्या पुढच्याची. गुरुजींच्या मैफिलीत हल्ली सगळे पुढच्या गाण्याची वाट पाहत असतात; चालू असलेल्या गाण्याला कोणी वाली नाही. अक्षय्य तृतीयेची भेंडवळची घटमांडणी वर्षभराच्या पाऊसपाण्याचं सांगते, पण पुढच्या तीन मिनिटांत हे श्रोते काय मागतील ते सांगायची तिचीही छाती होणार नाही.

मी परवा लक्ष देऊन पाहिलं. पोलमध्ये लावणी निवडून आली होती, नेहमीप्रमाणे भरघोस मतांनी. गुरुजींनी पेटी पुढं ओढली, डोळे मिटले आणि अभंग सुरू केला. मोठा, सविस्तर, दोन्ही हातांनी. मला वाटलं, आता दंगा होणार. काही नाही. कॉमेंटचा ओघ तसाच : 'पुढं कव्वाली घ्या', 'आमच्या साल्याचं नाव घ्या', 'पसायदान घ्या.' अभंग संपला तेव्हा कुणीतरी लिहिलं, 'लावणी एक नंबर झाली गुरुजी!' त्यावर बदाम पडले.

मी पोलचे जुने निकाल चाळले. भावगीत निवडून आलं त्या दिवशी नाट्यगीत. नाट्यगीत तर कधी निवडूनच आलं नाही, तरी आठवड्याला दोन होतात. रात्री गुरुजींना फोन केला आणि म्हटलं, "गुरुजी, लोक मत एकाला देतात आणि तुम्ही गाता भलतंच. कोणी विचारत नाही?"

पलीकडं पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला.

"राजेहो," गुरुजी म्हणाले, "मतदान झाल्यावर जाहीरनामा कोण पाह्यते?"